डोंगराच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी : मुंबईकर हिस्सेदारांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

मुंबई, ठाणे, विरार, डोंबिवली, पुणे, जिथे कुठे असाल तिथल्या माझ्या सगळ्या काका-काकू, दादा-वहिनी, आत्या आणि पुतण्यांनो,

वाडीच्या वरच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या, जमिनीवरचं उभं जंगल उक्त्यात, म्हणजे एकरकमी, विकायचं संमतीपत्र एव्हाना तुमच्याकडे पोचलं असेल. काहींनी सह्या करून परतही पाठवलंय. मी सही केलेली नाही. का नाही, हे प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पत्र उघडं ठेवतोय, कारण विषय आपल्या एका भावकीचा नाही. संगमेश्वर घ्या, लांजा-राजापूर घ्या, वर चिपळूण-खेड घ्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावागावांत पावसाळा सरला की असेच कागद फिरायला लागतात. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नावापुरतं आहे. डोंगरावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावरचं, आणि त्या सातबाऱ्यावरची कितीतरी नावं मुंबईत. इथल्या डोंगराचं काय होणार ते बोरिवलीच्या एखाद्या जिन्यात उभ्या उभ्या ठरतं. टोमणा मारत नाही. हक्क तुमचा आहे, म्हणून तर तुम्हालाच लिहितोय.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "तिकडे नुसतं रान माजलंय, कोणी फिरकत नाही. चार पैसे येतायत तर येऊ देत. झाडं काय, परत फुटतात." यातलं शेवटचं अगदी खरं. ऐन, किंजळ तोडले की खुंटाला फुटवे येतात, आठ-दहा वर्षांत मनगटाएवढे, मांडीएवढे होतात आणि ठेकेदार पुन्हा दारात हजर. आजोबाही डोंगर तोडतच होते. पण ते कवळ तोडायचे. भाजावळीपुरत्या, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यापुरत्या, फांद्या उतरवायच्या, खोड उभं ठेवायचं, आणि तेही माणसाच्या खांद्यावर मावेल तेवढंच. आता पेट्रोलची करवत येते, तिच्याआधी जेसीबी येतो, उताराला आडवा रस्ता मारतो आणि पंधरवड्यात डोंगर भादरून ट्रक घाट चढून जातात. जळाऊ लाकूड टनाने मोजतात. त्या लाकडाबरोबर खालचं पाणीही जातं, आणि ते मात्र कुठल्याच काट्यावर चढत नाही.

आधी जरा हिशेब करू. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १०० लिटर पाणी होतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटर तर सहज पडतो. आंबोलीसारख्या ठिकाणी तो ७००० च्या घरात जातो. आपले ३००० च धरले तरी एका गुंठ्यावर ३ लाख लिटर. टँकर १०,००० लिटरचा धरला तर तीस टँकर, आणि तेही फक्त एका गुंठ्यावर. आणि एप्रिलच्या शेवटी ह्याच तालुक्यातून टँकरचे मागणीअर्ज जातात. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढील.

खरी गंमत अशी की आपल्याकडे एकूण पाऊस किती पडला याला फारसा अर्थच नाही. जूनअखेर माती भिजते, जुलैच्या मध्याला डोंगर तुडुंब होतो. त्यानंतरचं बहुतेक पाणी पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, नदीला आणि नदीने खाडीला. रांजण भरल्यावर नळ कितीही वेळ सोडून ठेवा, आत मावतं तेवढंच राहतं. सह्याद्रीच्या धारेपासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. शास्त्री, सोनवी, काजळी, सगळ्याच आखूड नद्या. रात्री चढतात, पाऊस थांबला की उतरतात. म्हणून आपल्या उन्हाळ्याचं गणित दोन गोष्टींवर ठरतं. डोंगरात साठायला जागा किती, आणि शेवटचा मोठा पाऊस कधी पडला.

दुसरी गोष्ट आपल्या हातात नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. कोकणात त्याआधीचा जुलै धो-धो झालेला, त्यामुळे आपल्याकडे कोणी दुष्काळ म्हटलं नाही. पण जुलैत वाहून गेलेलं पाणी ऑगस्टच्या उपयोगी पडत नाही. २०२५ ला उलट झालं. मे संपायच्या आतच मोसमी पाऊस कोकणात उतरला आणि उन्हाळ्याचा सगळ्यात कठीण शेवटचा आठवडा-पंधरवडा सुटला. पाऊस केव्हा येतो-जातो त्यावर झरा जगतो. हस्ताचा पाऊस चुकला की झरा लवकर बारीक होतो, हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. पुढची वर्षं अशीच लहरी जाणार असतील, तर आपल्या हातात राहते ती फक्त पहिली गोष्ट. साठ्याची जागा.

ही जागा म्हणजे नक्की काय? तुमच्यातले बरेचजण ‘डोंगरात पाणी असतं’ एवढंच ऐकून आहेत, म्हणून थोडं खोलात जातो.

वर पालापाचोळा. त्याखाली माती. मातीखाली मुरूम, मग कुजलेला, भेगाळलेला दगड, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल, गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो. वरून झिरपत आलेलं पाणी त्या पट्ट्याशी अडतं, आडवं सरकतं आणि जिथे उतार त्या पट्ट्याला कापतो तिथे झरा म्हणून बाहेर पडतं. समुद्राकडे सड्यांवर, म्हणजे सपाट पठारांवर, जांभा आहे, तिथली तऱ्हा थोडी निराळी. जांभ्याच्या भोकांतून पाणी भराभर खाली जातं आणि तळच्या चिकण मातीवर अडून सड्याच्या पायथ्याला फुटतं. तिथे चिरेखाणींनी सडे पोखरले जातायत, पण तो वेगळा रामरगाडा आहे, आत्ता त्यात शिरत नाही.

पुन्हा हिशेब. माती एक मीटर जाड असेल आणि निथळून झाल्यावरही तिने आकारमानाच्या दहा टक्के पाणी धरून ठेवलं, तर एका गुंठ्यात १०,००० लिटर. म्हणजे गुंठ्यामागे एक टँकर आपल्या पायाखाली उभा. तीच माती धुपून फूटभर उरली तर तीन हजार लिटर. आणि हे नुसतं मातीत धरलेलं, झाडांच्या कामाचं पाणी. झऱ्याला आणि विहिरीला मिळतं ते त्याच्या पलीकडचं, मातीतून पुढे खडकाच्या भेगांत उतरलेलं. ते उतरायचं तर पाऊस पडल्या पडल्या जमिनीने तो आत घ्यायला हवा. वरचं तोंडच बंद झालं तर खाली कितीही भेगा असून काय उपयोग?

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. गेल्या आठवड्यात झऱ्याच्या वर गेलो होतो, आपल्या हद्दीत, मोठ्या जांभळीच्या खाली. हाताने पाला बाजूला केला. वरची ऐनाची पानं कडकडीत, करकर वाजणारी. त्याखालची पानं एकमेकांना चिकटलेली, थंड, आणि त्यांच्यातून बुरशीचे पांढरे दोरे गेलेले. आणखी खाली पान ओळखू येत नाही, नुसती जाळी उरलेली. मग काळी रवाळ माती, गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या, केसासारखी मुळं. बोट सहज आत गेलं, दुसऱ्या पेरापर्यंत. दोन महिने पाऊस नाही आणि बोटाला ओल लागली. बाटलीतलं पाणी ओतलं तर ते जमिनीवर थांबलंच नाही.

तिथून गडग्यापलीकडे, हद्दीच्या दगडी कुंपणापलीकडे, गेलो. तो तुकडा काही वर्षांपूर्वी साफ तोडलेला, नंतर वणव्यात दोनदा जळलेला. तिथे जमीन तांबडी, वर खडी आलेली. नीट वाकून बघितलं की प्रत्येक बारीक खडा मातीच्या इवल्याशा खांबावर उभा दिसतो. पावसाच्या थेंबांनी आजूबाजूची माती उडवून नेली, खड्याखाली तेवढी शिल्लक राहिली. तो खांब जेवढा उंच तेवढी माती त्या जागेवरून गेलेली. तिथे बाटली ओतली तर पाण्याची एक रेघ झाली आणि उताराने माझ्या पायापर्यंत आली. बोट आत जायचं नावच सोडा, नख मोडलं असतं.

दोन्ही तुकड्यांवर पाऊस सारखाच पडतो.

खाली उत्तर कन्नडमध्ये, याच सह्याद्रीच्या अंगावर, शास्त्रज्ञांनी नैसर्गिक जंगल, उजाड झालेला उतार आणि आकेशियाची लागवड अशा जागी पाणी मातीत किती वेगाने शिरतं ते मोजलेलं आहे. जंगलाची माती सरस ठरली, आणि लागवडीखालची माती काही वर्षांनंतरही तिच्या बरोबरीला आली नव्हती. तेव्हा "तोडू आणि मग दुसरी झाडं लावू" हा जो तोडगा काहीजण सुचवतायत तो ऐकायला बरा आहे. झाड लावता येतं. त्याच्याखालची ती चाळणीसारखी माती लावता येत नाही. बोटभर माती व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात.

आता दुष्काळात झाडं काय करतात ते सांगतो, कारण ‘झाडंच सगळं पाणी पिऊन टाकतात’ असं पुण्याच्या दादांनी मला ऐकवलंय, आणि ते म्हणणं अगदीच फेकून देण्याजोगं नाही.

झाड पाणी पितं, भरपूर पितं. मात्र आपल्या डोंगरातली झाडं ह्या हवेत तयार झालेली आहेत. ऑक्टोबर ते मे असा सात-आठ महिन्यांचा कोरडा काळ त्यांना दरवर्षीचाच. पाणी आटत आलं की आधी पानांवरची बारीक छिद्रं मिटतात, मग पानंच उतरतात. ऐन, किंजळ माघ-फाल्गुनात उघडे होतात. पान नाही तर खर्च नाही, आणि उतरलेलं पान नेमकं ऊन तापायच्या वेळी जमिनीवर पांघरलं जातं. ऐनाच्या काही खोडांत तर पाणी साठून राहतं, साल छेदली की वाहायला लागतं; रानात फिरणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक असायचं. आणि शिमग्याला याल तेव्हा कुसुंब बघा. चैत्राच्या तोंडाला, जमीन तव्यासारखी तापलेली असताना, तो लालभडक नव्या पालवीने भरतो. चार-पाच महिने पावसाचा थेंब नाही, मग त्या पालवीत पाणी आलं कुठून? खालच्या कुजक्या दगडातून. वरची माती सुकली तरी खोल मुळांना तिथे अजून ओल मिळते.

ही खालची ओल किती मोलाची असते त्याचा सगळ्यात मोठा दाखला कॅलिफोर्नियातला. तिथल्या सिएरा नेवाडा डोंगरात २०१२ ते २०१५ सलग चार वर्षं पाऊस आणि बर्फ कमी पडलं. सुरुवातीला जंगल हिरवंच दिसत होतं. झाडं मुळांनी खोलवरचा जुना साठा ओढत होती. नंतर शास्त्रज्ञांनी जमाखर्च मांडला तेव्हा दिसलं की त्या चार वर्षांत वरून जेवढं आलं त्यापेक्षा सुमारे १५०० मिलिमीटर जास्त पाणी जमिनीतून, ५ ते १५ मीटर खोलीपर्यंतचं, उपसलं गेलं होतं. साठा तळाला गेला आणि झाडं पटापट वाळायला लागली. अशक्त झालेल्या झाडांवर सालीखालच्या भुंगेऱ्यांनी हात धुऊन घेतला. त्या दुष्काळापायी राज्यात १० कोटींच्या वर झाडं गेली, त्यातली बहुतेक ह्याच डोंगररांगेतली. दुष्काळ पहिल्या वर्षी दिसलाच नव्हता. तो आत चालू होता.

आपला डोंगर तसा नाही. आपल्याकडे साठा दर पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात बहुतेक संपतो, चार वर्षं पुरेल एवढा तो मुळातच नाही. म्हणूनच त्याची जागा थोडी जरी कमी झाली तरी त्याच वर्षी मे महिन्यात हंडे वाजतात.

दादांच्या मुद्द्याचं उत्तर अजून अर्धं राहिलंय. साफ तोड केल्यावर पहिल्या वर्षी पऱ्याला पाणी वाढलेलं दिसू शकतं, कारण पिणारं कोणी उरत नाही. ठेकेदार हेच दाखवून सांगतो, "बघा, पाणी वाढलं." पुढच्या दोन-तीन पावसांत माती ठोकली जाते, धुपते, आत घेणं बंद होतं, शिवाय खुंटाला आलेले दाट फुटवे वाढीच्या हावेने पाणी ओढतात. म्हणजे उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला. त्यात पुन्हा उभ्या उतारावर जेसीबीने मारलेला रस्ता. तो डोंगराची कड कापतो, आत सरकणारं पाणी त्या कापावर बाहेर पाझरतं आणि डिसेंबरच्या आत वाहून संपतं. एप्रिलमध्ये झऱ्याला जे यायचं ते तेव्हाच रस्त्याच्या गटाराला गेलेलं असतं.

आणि वणवा. ह्यात तुमचा काही दोष नाही, हा आमचा गाववाल्यांचा पराक्रम. गवत चांगलं येतं म्हणून, काजूखालची साफसफाई म्हणून, शिकारीला मोकळं दिसावं म्हणून, कधी नुसती विडी टाकली म्हणून. वणवा ‘लागला’ असं आम्ही म्हणतो, लावतं कोणीतरी. उभं मोठं झाड त्यातून वाचतं. जळतो तो पाला, म्हणजे उन्हाळ्यापुरतं अंथरलेलं पांघरूणच. पहिल्या वळवाचे टपोरे थेंब मग थेट उघड्या मातीवर आपटतात. तोडलेल्या डोंगरात हे दुप्पट होतं, कारण फांद्या-शेंडे तिथेच वाळत पडलेले असतात आणि सावली नसल्याने गवत कमरेएवढं वाढलेलं असतं.

तोडलेल्या डोंगराचं खाली काय होतं ते तुम्ही दरवर्षी येता-जाता बघताच, फक्त ते डोंगराशी जोडून बघत नाही. वायंगण कुठे गेलं? तुमच्या लहानपणी पऱ्याला बांध घालून पाटाने पाणी आणून उन्हाळी भात व्हायचं. आता होळीच्या आधीच पाट कोरडा. भातकापणीनंतर अंगओलाव्यावर कुळीथ, पावटा, चवळी व्हायची, तीही मळ्यातल्या दोन-चार खाचरांपुरती उरली. वनराई बंधारे आम्ही दर हिवाळ्यात घालतो, सिमेंटच्या गोणी भरून, अख्खी वाडी मिळून. चांगली गोष्ट आहे, घालत राहू. पण बंधारा वाहणारं पाणी अडवतो, नसलेलं पाणी आणू शकत नाही. नळाचंही तेच. घरोघर तोट्या आल्या, टाकी रंगवून झाली, पाइपलाइन झऱ्याखालच्या विहिरीपर्यंत नेली. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसला की त्या तोटीतून हवेचा फुसफुस आवाज येतो. योजनेत पाइप किती मीटर ते लिहिलेलं असतं. विहिरीला पाणी कुठून येतं आणि त्या जागेवर काय चाललंय, त्याला रकानाच नाही.

उतारावरून गेलेली माती हरवत नाही, ती नदीत जाते. नदीतल्या कोंडी बुजल्या, जिथे आपण उड्या मारायचो तिथे आता गुडघाभर गाळ. जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून चिपळूणच्या लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. तो गाळ कुणाच्या ना कुणाच्या डोंगरावरचाच. त्याच पावसात महाडच्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. दरडीला कारणं अनेक असतात, उतार, खडक, एका दिवसात पडलेला राक्षसी पाऊस. तोडीमुळेच दरड येते असं मी म्हणणार नाही. पण वाडीच्या डोक्यावरच्या उतारातली मुळं कुजवायची आणि त्यातच आडवा रस्ता कापायचा, एवढं धाडस मला होत नाही. तुमची घरं त्या उताराखालीच आहेत, गणपतीला तुम्ही त्यातच राहता.

आपल्या देवरहाटीकडे, देवाच्या नावाने राखलेल्या रानाकडे, एकदा बघा. ग्रामदेवतेच्या भीतीने तिथली वाळकी काटकी कोणी उचलत नाही. तिच्या खालचा पऱ्या मे महिन्यातही बारीक का होईना, चालू असतो. खडक तोच, पाऊस तोच. देवाची कृपा आहेच. पण तिथे माती जागेवर आहे, हेही खरं.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय हे पत्र म्हणजे फुकटचा उपदेश होईल. ठेकेदाराने सांगितलेली रक्कम ऐकायला मोठी आहे. हिस्से पाडले, पोटहिस्से पाडले, की एकेकाच्या हातात गणपतीला सहकुटुंब गावी यायच्या-जायच्या भाड्याएवढे पैसे येतील. आठ-दहा वर्षांतून एकदा. ज्यांना खरंच नड आहे, आजारपण आहे, पोराची फी आहे, त्यांनी मला मोकळेपणी सांगा, ते चारचौघांत येणार नाही. आपलं मुंबई मंडळ सभामंडपासाठी पावत्या फाडतं, क्रिकेटच्या चषकासाठी फाडतं. त्याच मंडळाने एकदा झऱ्यासाठी फाडाव्यात आणि नडलेल्यांचा तोडीतला वाटा भागवावा. ही रक्कम सभामंडपाच्या फरशीपेक्षा नक्की कमी भरेल.

आणि मी ‘एकही काडी तोडू नका’ म्हणत नाही. जंगल आपलं आहे, त्यातून लाकूड निघावं, निघतंही. माझं म्हणणं एवढंच की झऱ्याच्या वरचा उतार थेट माथ्यापर्यंत आणि पऱ्याचे दोन्ही काठ कायमचे सोडायचे. बाकीचं तुकड्यातुकड्याने, निवडून, जुनी मोठी झाडं राखून काढायचं. एका तुकड्यावर फुटवा वर आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. रस्ता मारायचा नाही. माल डोक्यावर उतरवायला परवडत नसेल तर तो माल तोडण्यासारखा नव्हता असं समजायचं. झऱ्याला पाणी नेमकं कुठल्या भागातून येतं हे डोळ्यांनी कळत नाही. खडकाचे थर कलते असले तर ते डोंगराच्या पलीकडच्या अंगानेही येत असेल. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करून जागेची पाहणी मागायची. जानेवारी संपायच्या आत हद्दीने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा साफ पट्टा, काढायची, हे काम आम्ही इथले करू, त्याचे पैसे नकोत. आणि कोणी योजना घेऊन आलं की ‘डोंगरावर सलग चर खणून देतो’, तर उभ्या जंगलात आणि वाडीच्या डोक्यावर नाही म्हणून सांगायचं. जिथे जमीन आधीच पाणी पिते तिथे ती खणून काय साधणार? गडग्यापलीकडच्या उजाड तुकड्यावर मात्र, उतार बेताचा आहे तिथे, जरूर खणावेत.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यात जी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत त्यांच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, खैर ही सगळी आहेत; झाड आपल्या जमिनीतलं असलं तरीही. ठेकेदार म्हणतो, "परवानगीचं मी बघतो." तो बघेल, पण कागदावर खातेदार म्हणून नाव तुमचं असेल. कुलमुखत्यारपत्र तर कोणीच देऊ नये. त्यात नुसती तोडच लिहिली आहे की आणखी काही, हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याकडे वाचून सही करायची पद्धत नाही. माझी हरकत मी लेखी दिलेली आहे.

शिमग्याला पालखी सहाणेवर बसते त्या दिवशी दुपारी भावकीची बैठक ठेवली आहे. सकाळी आधी सगळ्यांनी वर झऱ्यापर्यंत जायचं, मग बोलायचं. गडग्याच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन दोन्ही बघून या, हवं तर स्वतः बाटलीभर पाणी ओतून बघा. त्यानंतरही ज्यांना विकायचंच असेल त्यांनी बैठकीत तसं बोलून दाखवावं, मी मुद्दा सोडणार नाही पण कोणाशी बोलणंही टाकणार नाही. ज्यांनी आधीच सही दिली आहे आणि आता फेरविचार करायचा आहे, त्यांनी साध्या कागदावर ‘दिलेली संमती मागे घेत आहे’ असं लिहून, गट नंबर टाकून, सातबाऱ्यावर जसं नाव आहे अगदी तसंच लिहून, तारखेसह सही करून पाठवा. एक प्रत ठेकेदाराला, एक तलाठ्याकडे, एक माझ्याकडे. आधारवर नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं लिहा, नाहीतर कागद परत येतो.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यातलाच एक हिस्सेदार,
खालची वाडी

ता. क. : आत्या आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींसाठी. आजोबांच्या मागे वारस म्हणून तुमचीही नावं सातबाऱ्याला लागलेली आहेत. ठेकेदाराच्या कागदावर मात्र तुमच्यासाठी सहीची जागाच ठेवलेली नाही, कोणी विचारलं असेल असंही वाटत नाही. तुमची संमती घेतल्याशिवाय हा सौदा पुरा होत नाही. बैठकीला या. भावांनी बोलावलं नाही म्हणून थांबू नका, हेच बोलावणं समजा.